फ्लोरेन्सची कारागीरवस्ती पायी पाहाची आहे, गाईड घेऊ का आपलं आपणच फिरू?

वैनगंगाकाठ:
नमस्कार मंडळी. माझा लहान भाऊ मिलानले नोकरीवर आहे, ऑक्टोबरात मी बाबाले घेऊन त्याच्याकडे जाऊन राहिलो. आमचं मोहाडी तालुक्यातलं कोष्ट्याचं घर, बाबाची सारी जिंदगी कोसा रेशमाच्या मागावर गेली, तीन धोट्यांवर (आडवा धागा नेणारी लाकडी नळी) करवती काठ विणणारे गावात आता मोजकेच उरले त्यातले ते एक. भाऊ म्हणे फ्लोरेन्सले उफिझी म्युझियमची तिकिटं काढतो, तर बाबा म्हणाले मले चित्रं-पुतळे नोको दाखवू, तिकडचे लोक हातानं काय करतात ते दाखव. मंग शोधता शोधता ओल्त्रार्नो नावाची वस्ती सापडली, नदीच्या पलीकडची, तिथं गाईड दोन-तीन घंटे पायी फिरवतो म्हणतात.
विचाराचं हे की हे टूरवाले खरंच कारागिराच्या खोलीत नेतात का दुकानासमोर उभं करून पर्स न बेल्ट घ्या म्हणतात? बाबाचे गुडघे दुखतात, इंग्रजी येत नाही. आन रेशमाचे हातमाग पाहाले भेटतील का? कोणी गेलं असन तर सांगा ना जी.

आर्वीचा_सुतार:
भाऊ, गाईड घ्याच. मी जुन्या लाकडी सामानाची दुरुस्ती शिकाले तिकडं राहून आलो म्हणून जरा लांबून सांगतो. ही वस्ती आर्नो नदीच्या दक्षिणेले आहे. तिथं राज्य करणाऱ्या मेदिची घराण्यानं 1549 च्या सुमारास पिट्टी राजवाडा विकत घेतला न दरबार नदीपल्याड सरकला, मंग बड्या लोकांनी जवळच विया माज्जो रस्त्यावर वाडे बांधले, आता वाडा म्हटला की पलंग पाहिजे, चौकटी पाहिजे, पडदे पाहिजे, म्हणून सुतार, वर्ख लावणारे, ओतारी सारे आजूबाजूच्या गल्ल्यांत जमले. पण त्याच्याही आधी याच वस्तीतल्या सान फ्रेदियानो भागात लोकर पिंजणारे-धुणारे मजूर राहत, 1378 मधी या चोम्पी लोकांनी बंड करून काही आठवडे शहराचा कारभारच हातात घेतला होता! हे सांगणारा कोणी सोबत नसला तर आपल्याले नुसत्या जुन्या भिंती दिसतात.
आत नेतात का, तर बुकिंगच्या वेळी सरळ विचारा की कोणाच्या खोलीत जाणार न तो माणूस तेव्हा कामावर बसला असन का. ग्रुप सहा-आठ जणांचाच पाहा, खोल्याच लहान असतात, वीस लोक घुसले तर मागच्याले कारागिराचं डोकंही दिसत नाही. वर्खाचं काम मात्र पाहाच. लाकडावर खडू न सरसाचे थर, त्यावर तांबडी माती, मंग सोन्याचा वर्ख, तो इतका पातळ की बोटानं उचलता येत नाही, म्हणून चपटा ब्रश गालावर फिरवतात, कातडीचं तेल लागलं की वर्ख ब्रशले चिकटून येते, न शेवटी अकीक दगडानं घासून चमक काढतात. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तासभर हाललो नाही तिथून. रंगीत दगडांच्या पातळ चकत्या जोडून चित्रं करणारेही आहेत, लाकूड वाकवून केलेल्या धनुष्याले तार बांधतात न ओली भुकटी लावून त्या तारेनं दगड कापतात, 1588 मधी मेदिची घराण्यातल्या ड्यूकनं यासाठी खास कारखानाच काढला होता, त्याचं म्युझियम नदीच्या अलीकडं आहे.
एक ध्यानात ठेवा, दुपारी एकच्या पुढं बरेच जण कुलूप लावून जेवाले जातात न सोमवारी सकाळी पुष्कळ दुकानं बंद. ऑक्टोबर बरा, ऑगस्टात तर अर्धी वस्ती सुट्टीवर असते.

पवनीची_मास्तरीन:
मी थोडं वेगळं सांगते. आम्ही ग्रुप टूर केली, गाईड जीव तोडून सांगत होती, पण एका खोलीत दहा-पंधरा मिनिटं झाली की चला पुढं. तुमच्या बाबांसारखा माणूस एका मागापुढं घंटाभर बसन, त्यांना घाई चालणार नाही. जमलं तर फक्त तुमच्यासाठी लायसनवाला गाईड घ्या, तिघांत तो खर्च परवडतो. रस्ते दगडी फरशीचे, उंचसखल, चप्पल नका घालू देऊ, जाड तळव्याचे बूट द्या. मधी सान्तो स्पिरितोच्या चौकात बसता येते, तिथलं चर्च ब्रुनेलेस्की या जुन्या नामी वास्तुकारानं आखलेलं, बाहेरून एकदम साधी भिंत पण आत खांबांच्या रांगा पाहा.
रेशमासाठी आन्तिको सेतिफिचो फियोरेन्तीनो हा जुना रेशीम विणायचा कारखाना पाहा, सान फ्रेदियानोतच, 1786 पासून तिथं आहे. जुने हातमाग अजून चालतात न ताणा (मागावरचे लांब धागे) घालायचं एक उभं यंत्र आहे, लिओनार्दो दा विंचीच्या रेखाटनावरून केलेलं सांगतात. पण टूरमधी ते येईलच असं नाही, आधी वेळ मागून जावं लागते.
आणि हो, शहरात भिंतींवर 4 नोव्हेंबर 1966 च्या पुराच्या खुणा लावल्या आहेत, किती उंच पाणी चढलं ते. तळमजल्यावरच्या कारागिरांची अवजारं, नमुने, लाकूड सगळं चिखलात गेलं होतं तेव्हा. 2020 चा वैनगंगेचा पूर आपण भोगला, बाबांना ती खूण नक्की दाखवा.

वैनगंगाकाठ:
मास्तरीनबाई, सुतारभाऊ, दोघायचे उपकार. बाबाले वाचून दाखवलं तर उभ्या ताण्याचं यंत्र ऐकून उठूनच बसले, म्हणे आपण ताणा आडवा करतो हे उभा कसा करतात. ते कोसा कापडाचा तुकडा न रेशीमकिड्याचे दोन-चार कोश सोबत घेऊ म्हणून राहिले, तिकडच्या विणकराले दाखवाले. तसं चालते का, कोणाले राग तर नाही येणार?

ऐनाचंझाड_आरमोरी:
राग काहून येईन, खुश होतील. विणलेला तुकडा न्या बिनधास्त, साडीचा काठ असलेला न्या म्हणजे तीन धोट्यांचं काम दिसते. कोश मात्र नोको, आत किडा असला तर विमानतळावर अडवतील, त्यापेक्षा कातलेला धागा न्या. त्यायचं रेशीम तुतीच्या पाल्यावरच्या किड्याचं, पांढरं न गुळगुळीत, आपला कोसा ऐन-अर्जुनाच्या झाडावर रानात वाढते, धागा खरबरीत न मूळचाच सोनेरी-भुरा, विणकराच्या हाताले फरक लगेच समजते, तिथं इंग्रजी लागत नाही.
एक विनंती आहे, ज्याच्या खोलीत अर्धा घंटा बसान त्याच्याकडून लहानसं का होईना काही घ्या, शाईच्या रंगाचं कागदी पाकीट, चामड्याचं किचेन, काहीही. भाडी वाढली म्हणून न घरं टुरिस्टांसाठी भाड्यानं गेली म्हणून कारागीर तिथून हटून राहिले, 2023 मधी नगरपालिकेनं जुन्या शहरात अशा नव्या घरांवर बंदीही आणली होती. नुसते फोटो काढून निघणाऱ्याइचा त्यायले काही उपयोग नाही, आपल्या गावात नुसती साडी पाहून काही न घेता जाणारे येतात तेव्हा आपल्यालेही कसं वाटते. आन तुमच्या भावाले आत्ताच सेतिफिचोले इटालियनमधी मेल टाकाले सांगा, त्यात पहिल्याच ओळीत लिहा की वडील हातमागावर रेशीम विणणारे आहेत, सोबत मागावर बसलेला बाबाचा फोटो जोडा न दोन-तीन तारखा द्या.