टुमारोलँड पाडायचं की ठेवायचं? 'आपली मंडळी' ग्रुपवरची चर्चा

मीनल (अर्वाइन): मंडळी, नाताळच्या सुट्टीत आई-बाबा इकडे असतील तेव्हा अनाहाइमच्या डिस्नीलँडला जायचं ठरलंय. बाबांना सगळ्यात जास्त वेळ टुमारोलँडमध्ये, म्हणजे पार्कच्या भविष्यकाळ दाखवणाऱ्या भागात, घालवायचाय. इकडे मात्र त्या भागाचा विषय निघाला की वाद ठरलेला. अर्धे लोक म्हणतात, जुनाट झालाय, पाडून नवा करा. अर्धे म्हणतात, हात लावू नका. तुम्हाला काय वाटतं?

चिन्मय: पाडावा. नाव 'उद्या'चं आणि आत सगळं कालचं. १९५५ साली पार्क उघडलं तेव्हा हा भाग १९८६ सालचं जग म्हणून मांडला होता, कारण त्या वर्षी हॅलेचा धूमकेतू परत येणार होता. तो येऊन गेल्यालाही किती वर्षं झाली! आता तिथे बझ लाइटइयरची नेमबाजी आहे, नीमोच्या पाणबुड्या आहेत, स्टार वॉर्सची सफर आहे. आर्किटेक्ट म्हणून सांगतो, त्या जागेला आज स्वतःचा असा विचारच उरलेला नाही.

सुमनकाकू: जुनं म्हणून पाडायचं की सिनेमाचं म्हणून? आधी ते ठरव बाळा. दोन्ही कारणं एका दमात सांगितलीस.

चिन्मय: काकू, दोन्ही. जुनं ते दिसायला वाईट आणि नवं ते विषयाला सोडून.

विलासदादा: मला चिन्मयचं अर्धं पटतं. पण तिथली मोनोरेल १९५९ ची आहे हे विसरू नका. अमेरिकेत रोज चालणारी ती पहिली मोनोरेल, उद्घाटनाला तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष निक्सन आले होते. आमच्या चेंबूरला तशीच तुळईवर बसणारी गाडी २०१४ साली आली. प्रवासी अपेक्षेइतके कधीच मिळाले नाहीत, हा भाग वेगळा. पण तिथे पार्कात जे दाखवलं ते प्रत्यक्षात आणण्याचा प्रयत्न जगाने केला, हे मानायला हवं.

चिन्मय: दादा, मोनोरेल राहू दे ना. बाकीचं काय? पीपलमूव्हर नावाच्या संथ छोट्या गाडीचा उंचावरचा मार्ग २००० सालापासून रिकामा उभा आहे. खांब आहेत, मार्ग आहे, गाडी नाही. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या पार्कच्या ऐन मध्यावर! टुमारोलँडमध्ये शिरलं की पहिलं तेच दिसतं. यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?

अण्णा: चिन्मय, नेमका तोच मार्ग पाडू नये असं मला वाटतं. जरा सविस्तर लिहितो, कारण विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलं माझं.

पीपलमूव्हर १९६७ चा. त्याच्या गाड्यांना इंजिनच नव्हतं. मार्गातच दर नऊ फुटांवर एक रबरी टायर बसवलेला, तो मोटरने फिरायचा आणि वरून जाणाऱ्या गाडीला पुढे ढकलायचा. गाडी कधी थांबायची नाही. चढायचं ते फिरत्या चकतीवरून. चकतीचा आणि गाडीचा वेग जुळलेला, त्यामुळे म्हातारं माणूससुद्धा सावकाश पाऊल टाकून आत बसायचं. एक टायर बंद पडला तर पुढचा ढकलायचा, सगळी गाडी अडून राहायची नाही. शहरात लोकांना थोड्या अंतरावर नेआण करण्यासाठी माणसाने केलेला हा फार विचारपूर्वक प्रयोग होता. कुठल्या सिनेमाची जाहिरात नव्हती ती.

१९९५ साली तो बंद केला आणि १९९८ मध्ये त्याच मार्गावर रॉकेट रॉड्स नावाच्या वेगवान गाड्या सोडल्या. इथे खरी चूक झाली. वळणावर गाडी वेगात न्यायची तर बाहेरची बाजू उचलावी लागते. रेल्वेत आम्ही त्याला कँट म्हणतो. जुना मार्ग संथ गाडीसाठी होता, त्याला कँट नव्हता, आणि पैसे वाचवायला तो दिलाही नाही. मग काय होणार? सरळ मार्गावर वेग घ्यायचा, वळण आलं की ब्रेक, वळण संपलं की पुन्हा वेग. टायर झिजले, यंत्रणेवर ताण आला, गाड्या सारख्या बंद पडायला लागल्या. सप्टेंबर २००० मध्ये सगळं थांबलं. सोळा मिनिटांची सुंदर संथ सफर घालवून तीन मिनिटांची धडपड आणली आणि तीही टिकली नाही. दोष जुन्या मार्गाचा नव्हता. त्याच्याकडून जे काम करून घ्यायचं नाही ते करून घेतलं.

मीनल (अर्वाइन): अण्णा, हे एवढं मला माहीतच नव्हतं. मी दर वेळी त्या मार्गाखालून जाते.

सायली (ह्यूस्टन): थांबा थांबा. फ्लोरिडाच्या मॅजिक किंगडम या डिस्नी पार्कमधला पीपलमूव्हर अजून चालू आहे, मी बसलेय त्यात! तो स्पेस माउंटन या अंधारातल्या रोलरकोस्टरच्या इमारतीतूनसुद्धा जातो. आणि आमच्या ह्यूस्टनच्या विमानतळाखाली एका टर्मिनलमधून दुसऱ्यात नेणारी छोटी गाडी आहे ना, ती डिस्नीच्याच कंपनीने बनवलेली, असं ऐकलं होतं. खरं आहे का अण्णा?

अण्णा: अगदी खरं. फ्लोरिडाचा १९७५ चा, त्यात टायरही नाहीत. मार्गात विद्युतचुंबकीय मोटरी बसवल्या आहेत, गाडीत हलणारा भाग जवळजवळ नाहीच. तेच तंत्र १९८१ मध्ये ह्यूस्टनच्या विमानतळावर नेलं. म्हणजे पार्कमधला खेळ पुढे खऱ्या प्रवाशांच्या उपयोगी पडला. टुमारोलँड ठेवायचं ते कशासाठी, याचं माझं उत्तर हे आहे. तिथल्या इमारती किंवा रंगरंगोटीत माझा जीव नाही. तिथे पूर्ण आकाराची, चालती यंत्रं लोकांसमोर आणून ठेवत आणि लोक त्यांत बसून बघत. ते जपावं.

चिन्मय: अण्णा, यंत्राबद्दल तुम्ही म्हणता ते पटलं. पण मग घर का पाडलं त्यांनी? प्लास्टिकचं 'हाउस ऑफ द फ्यूचर' १९५७ मध्ये उभारलं, एमआयटी विद्यापीठ आणि मोन्सँटो या रसायन कंपनीने मिळून, आणि १९६७ मध्ये पाडलं. दहा वर्षांत. त्या काळी त्यांना कळत होतं की भविष्य शिळं झालं की काढायचं. मी तेच म्हणतोय.

अण्णा: बरोबर आहे. पण पाडताना काय झालं ते वाचलंस का? लोखंडी गोळा आपटला तर तो परत यायचा. एका दिवसाचं काम म्हणून हातात घेतलं आणि दोन आठवडे लागले, शेवटी करवतीने तुकडे करावे लागले. पाया तर अजून तिथेच आहे. आणि त्याच १९६७ साली टुमारोलँडमध्ये जे नवं आलं, ते भविष्याबद्दलचंच होतं. आज एखादी गोष्ट काढली की तिथे सिनेमातलं पात्र येतं. फरक तिथे आहे.

सुमनकाकू: मी थोडं वेगळं बोलते. फ्लोरिडाला आम्ही 'कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस' पाहिलं. एका कुटुंबाची वेगवेगळ्या काळातली घरं दाखवतात आणि रंगमंच जागेवर, आपण बसलेलं प्रेक्षागृहच गोल फिरतं. हे मुळात १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी केलेलं. पहिल्या घरात कपडे धुवायचं नवं यंत्र आलंय, आणि ती बाई आनंदाने सांगते की पूर्वी दोन दिवस जायचे ते काम आता पाच तासांत होतं. हॉलमध्ये बरेच जण हसले. मला हसू आलं नाही. माझ्या सासूबाईंचे हात सोड्याने आणि थंड पाण्याने कसे फुटायचे ते मी पाहिलंय. पाच तास हे त्या बाईसाठी खरोखरच सुख होतं. हे जुनं झालंय म्हणून काढून टाका असं कोणी म्हटलं तर मला वाईट वाटेल. बायकांच्या कामाचा असा इतिहास कुठल्या करमणुकीच्या जागी सांगतात सांगा बरं?

आई: सुमन, अगदी मनातलं बोललीस.

सायली (ह्यूस्टन): काकू, पण त्याचा शेवटचा प्रसंग बदलायलाच हवा. तो १९९४ चा आहे. आजी डोळ्यांना यंत्र लावून खेळ खेळते आणि बोलून चालणारी भट्टी तिचे गुण म्हणजे तापमान समजून टर्की जाळते. यातलं सगळं आता आपल्या घरी आहे. मुलांना त्यात 'उद्या' काय ते कळतच नाही.

सुमनकाकू: तो बदला की. खुशाल बदला. शेवटचं घर दर दहा वर्षांनी नवं करा आणि आधीची तशीच ठेवा. म्हणजे गोष्ट लांबत जाईल.

चिन्मय: हे मला खूप आवडलं काकू.

विलासदादा: ऑटोपियाचं काय? छोट्या मोटारींचा रस्ता. पेट्रोलचा वास येतो तिथे, २०२० नंतरच्या जगात ते पटत नाही.

मीनल (अर्वाइन): पेट्रोल जाणार आहे, तसं २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केलं. आमच्या ईशानला मात्र सगळ्यात आधी तिथेच जायचं असतं. पायाने दाबलं की खरी गाडी पुढे जाते, याचं त्याला फार अप्रूप.

अण्णा: ऑटोपिया पहिल्या दिवसापासूनचा आहे. तेव्हा अमेरिकेत देशभर पसरलेले द्रुतगती महामार्ग नव्हते, त्यांचा कायदा १९५६ मध्ये झाला. १९५५ च्या मुलाला बिनचौकाचा, एका दिशेने धावणारा रस्ता हेच भविष्य होतं. विजेच्या गाड्या आणा, रस्ता ठेवा.

चिन्मय: माझा मुद्दा सगळेच गोड बोलून बाजूला सारताय. मोकळेपणाने लिहितो. १९९८ ला त्यांनी दुरुस्ती केलीच होती. सगळं तांब्या-पितळेच्या रंगात रंगवलं, पांढरं शुभ्र स्पेस माउंटनसुद्धा. पॅरिसच्या डिस्नीलँडला १९९२ मध्ये फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नच्या काळाने पाहिलेलं भविष्य उभं केलं होतं, त्याचीच छाया. पॅरिसला ते शोभतं, तिथे व्हर्न घरचा आहे. कॅलिफोर्नियात ते उदास दिसलं आणि काही वर्षांत स्पेस माउंटन परत पांढरं करावं लागलं. वर गच्चीवर, पीपलमूव्हरच्या स्टेशनवर फिरणारी रॉकेटं होती, ती खाली प्रवेशालाच आणून ठेवली. रस्ता अरुंद झाला, लांबवरून दिसणारी खूण गेली. अशी ठिगळं लावत बसण्यापेक्षा एकदा धाडस करून सगळं नव्याने आखावं, एवढंच मी म्हणतो. टोकियोच्या डिस्नीलँडने बघा, १९८३ चं स्पेस माउंटन जुलै २०२४ मध्ये बंद केलं आणि नवीन बांधतायत, २०२७ साठी. कल्पना तीच, इमारत नवी.

अण्णा: टोकियोचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे रे. त्यांनी तीच गोष्ट आजच्या तंत्राने परत करायला घेतली. तसंच अनाहाइमने पीपलमूव्हरचं करावं. आणि रॉकेटं खालून उचलून परत वर न्यावीत, यात मी पूर्ण तुझ्या बाजूने आहे.

चिन्मय: पण तो मार्ग आजच्या नियमांत बसेल का? गाडी मध्येच थांबली तर लोकांना उतरवायला बाजूने चालायची वाट लागेल. व्हीलचेअरवरच्या माणसाचं काय? खांबांची ताकद तपासावी लागेल. जवळजवळ नवाच बांधायचा असेल तर जुना ठेवून उपयोग काय?

अण्णा: प्रश्न रास्त आहे आणि त्यावर माझ्याकडे आकडे नाहीत. पण बांधायचा नवाच असेल तर नवा बांधा, माझी हरकत नाही. त्या उंचीवरून, त्याच वाटेने, संथ चालणारी गाडी हवी. जमिनीवरची गर्दी खाली राहते आणि वरून सगळा परिसर कळतो, ही मूळ मांडणी मोडू नका. आज वरून काही जात नाही म्हणून तो भाग मेल्यासारखा वाटतो. १९५५ मध्ये पैसे संपले होते, रिकाम्या जागा झाकायला फुगे आणि पताका लावल्या होत्या. तरी निदान लवकरच काहीतरी येणार हे लोकांना दिसत होतं.

मीनल (अर्वाइन): मग मी बाबांना काय सांगू?

चिन्मय: सांग की मार्ग ठेवायला मी तयार आहे. पण अट आहे. पाच वर्षांत त्यावर गाडी आली नाही तर पाडायचा आणि तिथे झाडं लावायची. रिकामे खांब कुणी जपत नाही.

अण्णा: पाच वर्षं कबूल. मीनल, जाशील तेव्हा स्टेशनजवळच्या वळणाचा खालून एक फोटो काढ. मार्ग किती सपाट आहे ते चिन्मयला दाखवायचंय.

मीनल (अर्वाइन): काढते. बाबा शेजारीच आहेत, सगळं वाचून दाखवलं. ते म्हणतात, पाच फार झाली, तीन द्या.