मदत हवी आहे: झेनचे पुढचे शॉकअप मिळत नाहीत, अल्टोचे बसतील का?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. गाडी झेन, 2007. पुढून आवाज येतोय, फिटर म्हणतो दोन्ही शॉकअप बदला. कणकवली झाली, कुडाळ झालं, कुणाकडे नाहीत. एका दुकानाने झेनचे म्हणून दिले ते बसलेच नाहीत, खालच्या ब्रॅकेटची भोकं जुळत नाहीत, आणि आता परतही घेत नाही. एक जण म्हणतो अल्टोचे बसतात. दुसरा म्हणतो 800चे आणा, भोकं कानशीने वाढवून बसवून देतो. चतुर्थीला मुंबईची माणसं येणार, त्याआधी गाडी पाहिजे. अल्टोचे बसतात की नाही, तेवढंच सांगा.

तिसरा गियर
पेट्रोल की डिझेल? आवाज कुठल्या बाजूने? खड्ड्यात, ब्रेकवर की वळताना? नुसतं 'आवाज येतोय' म्हटलं तर शॉकअप, बॉल जॉइंट, स्टॅबिलायझरचे बुश, स्टिअरिंग रॅक, ब्रेक पॅड, काहीही असू शकतं. एक तपासणी फुकटची आहे: खराब रस्त्यावर हळू चालवत ब्रेकवर हलका पाय ठेवा. आवाज थांबला तर पॅड किंवा कॅलिपर सैल आहे, शॉकअपचा खर्च वाचला.

गोटी पाना
कानशीवाल्याच्या दारात गाडी नेऊच नका. स्ट्रटचं, म्हणजे पुढच्या शॉकअपचं, ब्रॅकेट आणि नकल (ज्यावर चाक बसतं तो भाग) फक्त दोन बोल्टांच्या दाबावर एकमेकांना धरून असतात. भोक लांबट झालं की चाक वरून आत किंवा बाहेर कलतं, आणि या गाड्यांत ते सरळ करायला अलाइनमेंटवाल्याकडे काही सोय नसते. त्याला फक्त टो, म्हणजे चाकांचा पुढचा रोख आत-बाहेर, लावता येतो. मग टायरची एक कड खात राहते आणि लोक टायर कंपनीला शिव्या देतात.
अल्टोचंही तेच. तिचा पार्ट नंबर वेगळा आहे. बोल्ट आवळले गेले म्हणून पार्ट बरोबर ठरत नाही. स्प्रिंगची थाळी किती उंचीवर आहे आणि आतले व्हॉल्व्ह किती वजनाच्या गाडीसाठी लावलेत, हे बाहेरून दिसत नाही.

वायंगणी
आधी टायरातली हवा बघ रे. चाळीस-चाळीस हवा भरून फिरतत आणि मग शॉकअप गेलो म्हणान बोंबलतत.

जुना पेन्शनर
2007ची गाडी म्हणजे 15 वर्षं 2022मध्येच पूर्ण झाली. फेरनोंदणी केली आहे का? 1 एप्रिल 2022ला मोटारीच्या नूतनीकरणाची फी 5000 रुपये झाली होती, पर्यावरण कर वेगळा. ते नसेल तर शॉकअपवर खर्च करण्यात अर्थ नाही.

खाडीकाठ
आरसी चालू आहे हो. हवा 30 आहे. पेट्रोल. आवाज पुढे डाव्या बाजूला, स्पीडब्रेकरवर. आणि उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं की मध्येच एकदा 'टण्ण' होतं. आता तरी सांगा अल्टोचे बसतात का.

कातळसडा
अल्टो राहू दे बाजूला. जुनी झेन 2006मध्येच बंद झाली. तुमच्या गाडीचं बॉनेट आणि पुढची काच एकाच उतारात आहे का, बॉनेट आखूड? मागे काय लिहिलंय ते वाचून सांगा.

खाडीकाठ
मागे झेन एस्टिलो लिहिलंय. आमच्याकडे सगळे झेनच म्हणतात. फरक पडतो का?

गोटी पाना
🙏

कातळसडा
फरक म्हणजे सगळाच. 1993ची झेन ही वेगळी गाडी, 993 सीसीचं इंजिन. एस्टिलो डिसेंबर 2006मध्ये आली ती वॅगन आरच्या सांगाड्यावर, 1061 सीसीचं इंजिन घेऊन. नावापलीकडे दोघींत काही सामाईक नाही, म्हणून ती भोकं जुळली नाहीत. दुकानदारानेही विचारायला हवं होतं, पण तुम्ही 'झेन' म्हणालात आणि त्याने झेनचे काढून दिले. पुढे 2009मध्ये एस्टिलोला 998 सीसीचं के-सिरीज इंजिन आलं, म्हणून यापुढे एस्टिलो म्हणतानाही साल सांगत जा.
आता काय करायचं ते. आरसीवरचा 17 अक्षरांचा चेसिस नंबर घ्या, सुरुवात एमए3 अशी असेल. मारुतीच्या कुठल्याही अधिकृत पार्ट काउंटरला तो फोनवर दिला की कॅटलॉगमधून नेमका नंबर निघतो. काउंटरवर माल नसला तरी नंबर लिहून घ्या. सुझुकीच्या नंबरात पहिले पाच आकडे पार्ट कोणता ते सांगतात: 41601 म्हणजे पुढचा उजवा स्ट्रट, 41602 डावा. पुढची अक्षरं गाडी कोणती ते सांगतात. त्यामुळे '41602 आहे ना, मग बसेल' असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. दुकानात गाडीचं नाव नको, पूर्ण नंबर वाचून दाखवा.

तिसरा गियर
मग सोपं झालं की. जुन्या वॅगन आरचे, 1999 ते 2010वाल्या, सरळ घ्या. प्लॅटफॉर्म एकच आहे. वॅगन आरचा माल कुठेही मिळतो.

कातळसडा
प्लॅटफॉर्म एक म्हणजे स्ट्रट एक असं नाही. दोन्हींची उंची वेगळी, पुढच्या चाकांवरचं वजन वेगळं. नंबर एकच निघाला किंवा कंपनीच्या कॅटलॉगमध्ये एकाच ओळीत दोन्ही गाड्या दिल्या असतील तर जरूर घ्या. नाहीतर 'बसतो' या शब्दावर दुसऱ्यांदा पैसे अडकतील.

तिसरा गियर
कॅटलॉगवाले सगळं वेगळंच दाखवतात, जास्त विकायला.

गोटी पाना
भांडू नका, मोजा. जुना स्ट्रट काढलेला असेल तर व्हर्नियर घेऊन पाच मापं घ्या: खालच्या ब्रॅकेटच्या दोन भोकांमधलं अंतर (मध्यापासून मध्यापर्यंत), ब्रॅकेटच्या दोन पानांमधली रुंदी, स्प्रिंगच्या थाळीचा व्यास, थाळी ते वरचं भोक हे अंतर, आणि दांड्याच्या टोकाच्या आट्यांची जाडी. शिवाय ब्रेकच्या होजची पट्टी कुठल्या बाजूला वेल्ड केली आहे ते बघा. ती उलटी असली की होज टायरला घासतो, आणि हे बसवून झाल्यावरच लक्षात येतं. पाचही मापं जुळली तर पार्ट बसेल. तो त्याच वजनाच्या गाडीसाठी आहे की नाही हे मात्र माप सांगत नाही, तिथे कातळसडा म्हणतात तेच खरं.

भरतीओहोटी
एवढा खटाटोप कशाला? आहेत तेच शॉकअप भरून घ्या. वरून कापतात, तेल बदलतात, झाकण वेल्ड करतात. निम्म्याहून कमी खर्च.

गोटी पाना
मागच्या शॉकअपला एक वेळ ठीक, पुढच्याला अजिबात नको. मागचा फक्त धक्का शोषतो. पुढचा स्ट्रट चाक उभं धरतो, वळताना आणि ब्रेक मारताना आडवा जोर त्याच्यावर येतो. त्याचीच नळी कापून वेल्ड करायची? आणि तेल बदललं तरी झिजलेले व्हॉल्व्ह तसेच राहतात, हाताला लागेल ते तेल ओततात, ते फेसाळतं. डावा-उजवा कधीच सारखा होत नाही.

भरतीओहोटी
कोकणात हजारो गाड्या तशाच चालतात.

कातळसडा
खाडीकाठ, मुळात तुमचे शॉकअप गेलेत का, हाच प्रश्न आहे. उभ्या गाडीत वळवताना 'टण्ण' हे शॉकअपचं लक्षण नाही. एकतर वरच्या माउंटिंगचं बेअरिंग अडकतंय, किंवा स्प्रिंग थाळीतून निसटून उडी मारतेय. कुणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांगा आणि स्प्रिंगला बोट न लावता नुसतं बघा. स्प्रिंग आधी थांबून मग झटक्याने फिरली तर बेअरिंग.
मग चाक काढा, स्टॅण्ड लावून. थाळीतली माती पाण्याने धुवा आणि स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा टॉर्चने नीट बघा. आपल्याकडे तो थाळीत लाल मातीच्या चिखलात बुडालेला असतो, वरून खारा वारा. रंग उडतो, गंज खड्डा पाडतो आणि तार तिथेच तुटते. तुटलेला तुकडा थाळीतच राहतो, म्हणून वरवर स्प्रिंग अख्खी दिसते. शॉकअपच्या अंगावर नुसती ओल असेल तर घाबरू नका. तेल ओघळून त्याला माती चिकटलेली असेल तर तो गेला.

वायंगणी
हायवे पुरो होवंदे, मग शॉकअप लागाचेच नाय.

जुना पेन्शनर
मुंबई-गोवा हायवेचं काम 2011मध्ये सुरू झालंय. तोपर्यंत शॉकअपच्या दोन पिढ्या होतील.

खाडीकाठ
बघितलं. डाव्या बाजूचा खालचा वेढा तुटलाय, साधारण बोटाएवढा तुकडा थाळीत होता. गाडी डावीकडे थोडी बसल्यासारखी वाटत होती ती यामुळेच असणार. डाव्या शॉकअपवर तेल ओघळलंय, उजवा कोरडा. मग फक्त डावी स्प्रिंग आणि डावा शॉकअप घेऊ ना?

गोटी पाना
नाही. जोडीनेच. नवी स्प्रिंग ताठ आणि उंच, जुनी बसलेली. गाडी आता डावीकडे झुकते तशी मग उजवीकडे झुकेल आणि ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढेल. यादी लिहून घ्या: स्ट्रट 2 (एक डावा, एक उजवा), स्प्रिंग 2, वरचं माउंटिंग 2, बेअरिंग 2, बंप स्टॉप 2, धुळीचं रबर 2, नकलचे बोल्ट नटांसकट 4, दांड्याचे वरचे नट 2.
बंप स्टॉप आणि धुळीचं रबर लोक वाचवतात, आणि नवा शॉकअप नेमका त्यामुळे जातो. बंप स्टॉपचा फोम भुगा झाला असेल तर मोठ्या खड्ड्यात दांडा तळाला आपटतो. रबर फाटलं असेल तर माती दांड्यावर बसून सील खाते.
भंगारातून आणायचंच झालं, कुर्ल्यात किंवा कुठेही, तर माउंटिंगचा लोखंडी भाग वगैरे आणा. स्प्रिंग आणू नका. ती किती गंजलीय ते रंगाखाली कळत नाही.

तिसरा गियर
स्प्रिंगवर रंगाचे ठिपके असतात, त्यावरून प्रकार कळतो. काढण्याआधी फोटो घ्या. आणि मी अजूनही म्हणतो, वॅगन आरचा नंबर विचारून बघायला काय जातंय?

कातळसडा
विचारायला काहीच जात नाही. नंबर विचारा, नाव नको, एवढंच म्हणतोय.

खाडीकाठ
फिटरला काय सांगू? त्याच्याकडे स्प्रिंग दाबायचं साधन नाही, दोरी बांधून काढतो म्हणतो.

गोटी पाना
दोरी, तार, काहीही नको. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जातो. स्प्रिंग दाबायचा दोन हुकांचा कॉम्प्रेसर समोरासमोर लावून, दोन्हीकडे थोडं थोडं आवळत, स्प्रिंग थाळीवरून सैल झाल्यावरच वरचा मधला नट सोडायचा. साधन नसेल तर स्ट्रट अख्खा काढून ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे न्या.
बाकी मुद्दे. नकलच्या बोल्टांना आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. बोल्टच्या मानेवर दाते असतील तर बोल्ट धरून नट फिरवायचा, उलट केलं तर भोक खराब होतं. गॅसची ज्योत शॉकअपच्या जवळ नेऊ देऊ नका, आत तेल आहे. काढण्याआधी ब्रॅकेट आणि नकलवर खुणेची रेघ मारा. स्ट्रट सुटल्यावर नकल तारेने वर टांगून ठेवा, नाहीतर होज ताणतो आणि ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटतो.
नवा शॉकअप उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण दाबा आणि ओढा, आतली हवा निघते. दांडा फिरू नये म्हणून पक्कडीत धरू नका, एक ओरखडा सील फाडायला पुरतो. स्प्रिंगचं टोक थाळीतल्या खाचेला टेकलंच पाहिजे. शेवटी टो करून घ्या.
हात घातलाच आहे तर लोअर आर्मचा बॉल जॉइंट आणि स्टॅबिलायझरचे बुश बघून घ्या. बुश बदलले तर त्यांचे नट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. जॅकवर आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

खाडीकाठ
चेसिस नंबर देऊन दोन्ही नंबर मिळाले. माल कोल्हापुरात आहे, एसटी पार्सलने येतोय. एक राहिलं: आंब्याच्या दिवसांत मागे पेट्या नेतो, मागचा भाग बसलाय. स्प्रिंगच्या वेढ्यांत रबराचे बफर टाकतात ते टाकू का?

भरतीओहोटी
टाका. स्वस्त आणि मस्त.

कातळसडा
बफर टाकण्याआधी मागची स्प्रिंग जिथे बॉडीला टेकते तो पत्रा हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. किनाऱ्यावरच्या गाड्यांचा तिथला पत्रा आतून सडतो. बफर धक्का गिळत नाही, वर ढकलतो, तो थेट त्या पत्र्यावर. पत्रा ठणठणीत असेल तरी बसलेल्या स्प्रिंगला बफर हा उपाय नाही, स्प्रिंगची जोडीच बदला. मागे एक आडवा रॉड अ‍ॅक्सलपासून बॉडीला जातो, त्याचे बुशही बघा. ते गेले की पेट्या भरलेली गाडी मागून डुलते आणि दोष स्प्रिंगवर जातो.

पाचवा प्रवासी
माझी सँट्रो झिंग आहे, मागून कुईकुई आवाज येतो. इथेच विचारू का?

तिसरा गियर
नवा धागा काढा. साल, पेट्रोल की गॅस, आणि आवाज कधी येतो ते पहिल्याच ओळीत लिहा.