"किती बारीक झालीस गं!" याला काय उत्तर द्यायचं?

चाफेकळी:
गेल्या आठवड्यात मावसभावाच्या लग्नात सगळे बऱ्याच दिवसांनी भेटले. ब्लाऊजला दोन्हीकडून टिपा मारून आत घेतलेला तरी खांद्यावरून उतरत होता. पंगतीत, फोटोच्या लाइनमध्ये, जी भेटेल ती "अगं किती बारीक झालीस, मस्त दिसतेस, डाएट सांग ना". मला टीबी झालाय हो. साडेतीन महिने गोळ्या झाल्या, अजून अडीच बाकी, सुरुवातीला तर भाताचा वाससुद्धा सहन होत नव्हता. आई आणि नवरा सोडून कुणाला माहीत नाही. थँक्यू थँक्यू म्हणत राहिले आणि घरी येऊन रडले. काय बोलायचं अशा वेळी? मीपण आधी सगळ्यांना हेच म्हणायचे, ते आठवून जास्त वाईट वाटतंय.

माणदेशी_काकू:
बाळा आधी तब्येतीला जप, गोळ्या एक दिवसही चुकवू नकोस. माझी आई ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची, सुकडी खाऊन दिवस काढलेत. तेव्हा "वाळलीस गं" म्हणजे पोटाला मिळतंय ना, असं विचारणं होतं, आणि विचारणारी बाई पदराआडून भाकरी काढून द्यायची. आता नुसतं बोलणं उरलंय. कुणी म्हटलं तर "असू दे, तुझं कसं चाललंय?" म्हणायचं आणि विषय तिच्याकडे वळवायचा, कारण सांगायला तू बांधील नाहीस.

नुसती_अबोली:
माझं उलटं, थायरॉइडमुळे ११ किलो वाढले. हळदीकुंकवाला शेजारच्या काकूंनी वाण देताना पोटाकडे बघून "गोड बातमी का?" विचारलं, सगळ्यांसमोर. आम्ही चार वर्षं ट्रीटमेंट घेतोय. "सासर मानवलं", "तब्येत सुधारली" हेही तसंच, कितीही गोड बोललं तरी लागतंच. मी आता कुणाच्याही अंगाबद्दल बोलत नाही, साडी छान आहे म्हणते, किंवा भेटून बरं वाटलं म्हणते आणि तेवढं पुरतं.

सांगलीचा_मी:
पटतंय सगळं, पण कुणी काहीच बोलायचं नाही हे मला नाही जमणार. मी तीन महिन्यांत आठ किलो उतरलो होतो, ऑफिसात सगळे जिम लावलीस का विचारायचे आणि मीपण खूश होतो. एका सीनियरने मात्र चहाला बाहेर नेलं, टपरीवर कुणी नसताना हळूच विचारलं, "रात्री पाण्याला उठतोस का रे? लघवीला जास्त होते का?" दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी शुगर तपासली तर २८० निघाली. त्यांनी आजतागायत हे ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही.