हेरिटेजमध्ये एमए करायचंय, धारवाड की पुणे?

मलप्रभा_खानापूर
नमस्कार, मी खानापूर तालुक्यातला, यंदा बीए हिस्ट्री संपलं, दहावीपर्यंत मराठी मीडियम. हलशीच्या भूवराह नरसिंहाच्या देवळात लहानपणापासून जातोय, तेव्हापासून डोक्यात बसलंय की ह्यातच काहीतरी करायचं. घरात बीएड कर म्हणुलेत. डेक्कन कॉलेज बरं की धारवाड? कन्नड बोलतो पण वाचताना अडखळतो, त्याचीच भीती वाटते.

टिळकवाडीवाला
डेक्कन कॉलेज बघ. १८२१ पासूनची संस्था, उत्खनन प्रत्यक्ष मातीत उतरून शिकायचं तर तिथंच. पुण्यात राहायचा खर्च मात्र आधी घरात बोलून घे.

शहापूरची_ताई
भावा, कॉलेज नंतर, आधी हातानं काय करायला आवडतं ते ठरव. म्युझियममधल्या वस्तू सांभाळायच्या असतील तर बडोद्याला एमएस युनिव्हर्सिटीत म्युझिऑलॉजी आहे. शिलालेख वाचायचे तर धारवाडच, कर्नाटक युनिव्हर्सिटीत प्राचीन इतिहास आणि एपिग्राफी शिकवतात, मी तेच केलं, लोंढा अळणावर करत रोज रेल्वेनं.

कन्नडला घाबरू नको. हळेगन्नड, म्हणजे शिलालेखातलं जुनं कन्नड, वर्गातल्या कन्नड पोरांनाही तितकंच अवघड जातं, आणि आपल्याला मराठी येतं म्हणून मोडी पटकन जमते. दोन्ही वाचणारं माणूस शोधून सापडत नाही बघ!

शिलालेखाचा पहिला ठसा कागदावर घेतला तो दिवस अजून आठवतो. देवळामागचा दगड ब्रशनं घासून धुतला, त्यावर ओला कागद चिकटवून ब्रशनं ठोकत ठोकत अक्षरांच्या खाचांत बसवला, जरा सुकल्यावर शाईची गादी टेकवत गेले आणि नुसत्या खरबरीत वाटणाऱ्या दगडावरनं पांढऱ्या अक्षरांच्या ओळी वर आल्या. अंगावर काटाच आला.

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, ते जैन देऊळ, बघितलीस ना? रट्ट घराण्याचा राजा चौथा कार्तवीर्य, त्याच्या मंत्र्यानं बांधलेली. तिथल्या दानाचे १२०४ चे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आपल्या गावचा दगड बघायला आपण लंडनला जायचं, हे मला अजून सलतं.

घरच्यांना सांग, एएसआयचा, म्हणजे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचा, ग्रेटर नोएडाला दोन वर्षांचा पीजी डिप्लोमा असतो त्याला आधी एमए लागतंच, आणि लेक्चररसाठीच्या नेट परीक्षेला आर्किऑलॉजी वेगळा विषय आहे, म्हणजे लेक्चररची वाटही बंद होत नाही.

मलप्रभा_खानापूर
ताई खूप थँक्स, बाबांना हे वाचूनच दाखवतो. आमच्या आज्जांच्या ट्रंकेत मोडी कागदांचं एक गाठोडं आहे, आई दर गणपतीला झाडलोट करताना टाकून देऊया म्हणते. फोटो टाकला तर बघाल?

शहापूरची_ताई
टाक की! आणि आईंना म्हणावं एकही कागद टाकू नका. घडी जोरात उलगडू नको, चिकटलेलं पान ओढू नको, फाटलं असलं तरी सेलोटेप अजिबात लावू नको. आहे तसं सुती कापडात बांधून ठेव, रविवारी मीच येतो बघायला.