मदत हवी आहे: १२ वर्षांच्या मुलाला एचआयव्हीबद्दल कसं सांगावं?

भाचा जन्मापासून एचआयव्हीबाधित आहे. आई-वडील नाहीत, माझ्याकडे आणि माझ्या आईकडे वाढतोय. एआरटी (एचआयव्ही आटोक्यात ठेवणाऱ्या रोजच्या गोळ्या) लहानपणापासून चालू. आजवर 'रक्त वाढायच्या गोळ्या' म्हणून सांगत आलो. आता विचारतो, "रक्त वाढलंय ना, मग गोळ्या बंद का नाहीत?" मध्यंतरी गादीखाली गोळ्या सापडल्या आणि आधी तपासणीत सापडतही नसलेला व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) यावेळी वाढून आला.

एआरटी केंद्रातल्या समुपदेशक ताईंनी त्याला चित्रं दाखवून रक्तातले सैनिक, झोपलेला विषाणू एवढं समजावलंय. आजाराचं नाव घेतलेलं नाही. शाळकरी वयात टप्प्याटप्प्याने सांगावं असं जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते, मला ते पटलंय. तेव्हा 'सांगू की नको' यावर कृपया चर्चा नको. १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनवर बोलले, माहिती नीट मिळाली, पण घरात हे केलेल्यांचा अनुभव हवाय.

अडचण आईची. "पोर शाळेत बोलून बसेल" ही तिची भीती. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने शाळेला भेदभाव करता येत नाही, मान्य. पण गाव लहान आहे आणि गाव काही कायदा वाचून वागत नाही. जिल्हा बदलणं शक्य नाही.

तर ज्यांनी मुलांना सांगितलंय त्यांना विचारते: नाव पहिल्यांदा केंद्रात ताईंकडून ऐकवलंत की घरी स्वतः सांगितलंत? आणि 'हे बाहेर बोलायचं नाही' हे, त्याला स्वतःची लाज वाटू न देता, नेमक्या कोणत्या शब्दांत सांगितलंत?