मदत हवी आहे: गाणं पुढे, ओठ मागे! उद्या द्यायचंय

ढोलकीवाला_22
कॉलेजच्या ग्रुपचं गाणं आहे, 3 मिनिटं 40 सेकंदांचं. शूट नाशिकला रामकुंड, सोमेश्वर धबधबा आणि पांडवलेणीच्या पायऱ्यांवर झालंय. एडिट संपत आलंय, पण लांब टेकमध्ये ओठ सुरुवातीला बरोबर बसतात आणि मग हळूहळू मागे पडतात. शेवटची ओळ संपते तरी गायिकेचं तोंड चालूच. उद्या संध्याकाळी सरांना द्यायचंय. "सॉफ्टवेअर बदल" एवढं सोडून काहीही सांगा.

टाइमलाइनवाला
सॉफ्टवेअर कोणतं, शूट कशावर, किती सेकंद मागे? काहीच लिहिलं नाहीस. पंचांग बघून सांगू का?

पंचवटीकर
रामकुंडावर ट्रायपॉडला जागा कशी मिळाली? आम्ही पहाटे गेलो होतो तरी दशक्रियेची गर्दी. त्यात 2027 च्या सिंहस्थाची कामं.

फ्रेमवाले_काका
ऑडिओच्या सॅम्पल रेटचा, म्हणजे 44.1 आणि 48 किलोहर्ट्झचा घोळ आहे. ऑडिओ 48 ला कन्व्हर्ट कर, विषय संपला.

टाइमलाइनवाला
काका, तसं असतं तर शेवटी अठरा-वीस सेकंदांचा फरक पडला असता, आणि आवाजाची पट्टीही बदलली असती. कोणीतरी ऐकलंच असतं ना?

सातपूरची_ताई
फोनवर शूट असेल तर व्हेरिएबल फ्रेमरेट, दुसरं काही नाही. फोन उजेडाप्रमाणे फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, ते कमीजास्त करतो. हँडब्रेक नावाचं व्हिडिओ कन्व्हर्ट करायचं सॉफ्टवेअर आहे, त्यात व्हिडिओ टॅबवर कॉन्स्टंट फ्रेमरेट निवडून सगळ्या क्लिप नव्याने काढ. आमच्या गॅदरिंगचा व्हिडिओ असाच वाचला होता.

फ्रेमवाले_काका
आमच्या वेळी टाळी वाजवून सिंक करायचे. आता सगळ्याला ॲप.

ढोलकीवाला_22
दाविंची रिझॉल्व्ह, फ्री वालं. दोन फोन होते. शेवटाला सव्वादोन सेकंद मागे. ताई, माझ्या फोनच्या क्लिप हँडब्रेकमधून काढल्या, तेवढाच फरक राहिला. हां, शूटला स्पीकरवर जुना ट्रॅक होता. मिक्सवाल्याने नंतर टेम्पो मिनिटाला 96 ठोक्यांचा 97 केलाय, पण एकाने काय होतंय?

टाइमलाइनवाला
भो, तेच तर होतंय! 220 सेकंदांना 97 ने भाग आणि 96 ने गुण, 217.7 येतात. घे तुझे सव्वादोन सेकंद. क्लिपवर राइट क्लिक, चेंज क्लिप स्पीड, 101.04 टक्के टाक. रिपल टाइमलाइनपुढची टिक काढून टाक, नाहीतर पुढचं सगळं सरकेल. मग प्रत्येक टेक पहिल्या ठोक्यावर नव्याने बसव. एवढा वेग वाढलेला कोणाला कळत नाही.

पंचवटीकर
त्यापेक्षा मिक्सवाल्याकडून 96 चाच ट्रॅक मागव की.

ढोलकीवाला_22
तो गावाला गेलाय, फोन उचलत नाही.

लेन्सप्रेमी
ड्रोन शॉट घेतले का? रंग थोडे ऊबदार करा, छान दिसतं.

टाइमलाइनवाला
त्याने रंगांचं विचारलंय का?

ढोलकीवाला_22
101.04 टाकलं. पांडवलेणीचा टेक शेवटपर्यंत बसला! फक्त सोमेश्वरच्या टेकमध्ये ढोलावर टिपरू पडायच्या आधीच ठोका ऐकू येतो. सुरुवातीला बरोबर, मधेच घसरतं.

सातपूरची_ताई
तो टेक कोणत्या फोनचा?

ढोलकीवाला_22
दुसऱ्या. मैत्रिणीचा आहे.

सातपूरची_ताई
मग त्या क्लिपला हँडब्रेक लावलाच नाहीस! मूळ फाइल घे. व्हॉट्सॲपवरून आलेली नको, ती दाबलेली असते. आधी कॉन्स्टंट फ्रेमरेट, मग 101.04.

ढोलकीवाला_22
व्हॉट्सॲपवरचीच आहे. तिला फोन लावतोय.