बाहेर कॅल्शियम नाही, तरी पेशीत उसळी कशी?

प्रश्न
मानवी श्वासनलिकेच्या स्मूथ मसल पेशी डिशमध्ये वाढवून त्यांत फ्युरा-2 हा कॅल्शियम दाखवणारा चमकता रंग भरलाय. 10 मायक्रोमोलर हिस्टामिन टाकलं की काही सेकंदांत 340/380 चं गुणोत्तर, म्हणजे पेशीतलं कॅल्शियम, उसळतं, मग थोडं उतरून बराच वेळ वरच रेंगाळतं. काल निफेडिपिन देऊन एल-प्रकारची कॅल्शियम चॅनेल्स बंद केली, फरक जवळजवळ शून्य. मग द्रावणातलं कॅल्शियमच काढलं, वर उरलंसुरलं कॅल्शियम धरून ठेवणारं ईजीटीए घातलं. तरी पहिली उसळी आलीच! नंतरचा रेंगाळणारा भाग तेवढा गेला. त्याच द्रावणात धुऊन पाच मिनिटांनी पुन्हा हिस्टामिन दिलं, तर रेघ हललीसुद्धा नाही.
माझ्या डोक्यात हृदयाचा स्नायू आहे: आधी बाहेरून थोडं कॅल्शियम येतं, त्यानं आतलं सुटतं. बाहेर काहीच नसताना सुरुवात केली कुणी? तीन डिशमध्ये हेच दिसलं. रेकॉर्डिंग टाकून देऊ का?

उत्तर
अजिबात टाकू नका, तुमच्या हाती फार सुंदर रेघ लागली आहे. फक्त हृदयाचं चित्र बाजूला ठेवा.
हिस्टामिन पेशीच्या आत जातच नाही. ते बाहेरूनच एच-1 रिसेप्टरला चिकटतं, आतल्या बाजूचं जीक्यू प्रथिन जागं होतं आणि ते फॉस्फोलायपेज-सी ला कामाला लावतं. हे एन्झाइम पेशीपटलातल्याच एका लिपिडचे, पीआयपी-2 चे, दोन तुकडे करतं. एक, डीएजी, पटलातच राहतो. दुसरा, आयपी-3, पाण्यात विरघळणारा, म्हणून तो सुटून आत सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलमपर्यंत, म्हणजे पेशीतल्या कॅल्शियमच्या साठ्यापर्यंत, पोचतो आणि तिथली कॅल्शियमची दारं उघडतो. सुरुवात केली ती यानं. आयपी-3 मुळे आतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटतं हे 1983 मध्ये मायकेल बेरिज आणि सहकाऱ्यांनी स्वादुपिंडाच्या पेशींत दाखवलं होतं.
एरवी पेशीरसात कॅल्शियम 100 नॅनोमोलरच्या आसपास असतं, बाहेर त्याच्या दहा हजारपट. तरी पहिला घोट आतल्या साठ्याचा, ही गोष्ट मला आजही थक्क करते.
दुसरा डोस वाया गेला कारण साठा रिकामा होता. साठा आटला की तिथल्या स्टिम-1 या प्रथिनाला ते कळतं आणि ते पेशीपटलावरचं ओराय-1 हे कॅल्शियमचं चॅनेल उघडवतं. पण बाहेर कॅल्शियमच नव्हतं, मग भरणार कशानं? रेंगाळणारा भाग गेला तोही मुख्यतः याचमुळे. आणि ईजीटीएमध्ये पेशी फार वेळ ठेवू नका, हिस्टामिन न देताही साठा गळत जातो.

आणखी एक उत्तर
वरच्याशी सहमत. दोन गोष्टी जोडते. ॲसिटाइलकोलिनही एम-3 रिसेप्टरवरून याच वाटेनं जातं, पण वाढवलेल्या पेशींत एम-3 ची साद हळूहळू हरवते. त्यामुळे तुम्ही हिस्टामिन निवडलंत ते बरं झालं. उंदराच्या फुप्फुसाचे काप वापरणार असाल तर मात्र उलट: त्याच्या श्वासनलिका हिस्टामिनला फारशी दाद देत नाहीत, ॲसिटाइलकोलिनच घ्या. कापांत एकेक पेशी मोजलीत तर सपाट रेघेऐवजी कॅल्शियमच्या लाटा दिसतील. डोस वाढवला की लाटा भराभर येतात आणि नळी जास्त आवळते.
दुसरं, कॅल्शियम म्हणजेच आकुंचन असं लिहू नका. कॅल्मोड्युलिनमार्फत ते मायोसिनवर फॉस्फेट चढवणारं एन्झाइम चालू करतं, हे खरं. पण आरएचओ-कायनेज फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमला आवर घालतं, त्यामुळे तेवढ्याच कॅल्शियममध्ये पेशी जास्त आवळते. दम्यावरचं औषध साल्ब्युटामॉल लाटांचा वेग कमी करतं आणि ही संवेदनशीलताही.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. आज नवी डिश घेतली. कॅल्शियमविना हिस्टामिन: एक उसळी. धुऊन दुसरा डोस: काही नाही. मग कॅल्शियम परत घातलं, तर हिस्टामिन न देताच रेघ सावकाश वर चढली. दहा मिनिटं थांबून तिसरा डोस दिला. उसळी आली, पहिल्याइतकी नाही, पण आली. आता साठ्याचं दार आधीच बंद ठेवून बघायचं आहे. कुणी आयपी-3 चं दार अडवणारं 2-एपीबी वापरलंय का? ते ओराय-1 लाही अडवतं म्हणतात, मग मी दोन्ही वेगळे कसे ओळखू?